शेरवानीतला मुसलमान

हिंदी पडद्यावरचा मुसलमान डोळ्यांसमोर आणावा. अंगात शेरवानी, हातात गुलाब, हवेलीच्या सज्जात चिलमन, आदाब करताना झुकणारा हात आणि तोंडी अशी उर्दू, की आमच्या आज्यांना त्यातले निम्मे शब्द कळले नसते. ‘चौदहवीं का चाँद’ (1960), ‘मेरे मेहबूब’ (1963), ‘पाकिजा’ (1972) हे चित्रपट आम्ही पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले आणि आजही टीव्हीवर लागले की जागचे उठत नाही. तेव्हा त्यांच्या देखणेपणाबद्दल आमची तक्रार नाही. या चित्रपटांना ‘मुस्लिम सोशल’ म्हणत. त्यातला हा समाज कोणता, एवढेच आम्हांला विचारायचे आहे.

तांबोळी, आतार, बागवान, पिंजारी, मणियार, शिकलगार, मुलाणी, मोमीन यांतला एकही माणूस तिथे नायक नाही. मराठवाड्यातला सालगडी नाही, कोकणातला खलाशी नाही. उत्तरेतल्या एका वर्गाचे, अश्रफ जमीनदारांचे जगणे ‘मुस्लिम संस्कृती’ या नावाने आमच्यापुढे ठेवले गेले आणि आम्ही त्यात आपला चेहरा शोधत बसलो.

या प्रतिमेमागे इतिहासातली एक तारीख आहे. उत्तर प्रदेशात जमीनदारी निर्मूलनाचा कायदा 1951 साली झाला आणि 1 जुलै 1952 पासून तो अमलात आला. ‘मेरे मेहबूब’ त्यानंतर अकरा वर्षांनी आला. त्यात अशोककुमारने उभा केलेला नवाब कर्जात बुडालेला आहे, हवेली हातची जायच्या बेतात आहे आणि तरीही बाहेरचा रुबाब सांभाळण्यासाठी त्याचा जीव खाली-वर होतो आहे. ओसरत चाललेल्या एका वर्गाचा हा शोक आहे, आणि तो खराही आहे. पण पडद्यावर त्याला साऱ्या कौमेचा शोक करून टाकले गेले. त्या हवेलीत महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा कुठल्या कुळाच्या घामातून येत होता, हे कॅमेरा कधी विचारत नाही. त्या कुळांतही मुसलमान होतेच की.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला तो एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’ने. इस्मत चुगताई यांची कथा, कैफी आझमी व शमा झैदी यांची पटकथा. कैफी स्वतः आझमगढकडच्या जमीनदार घरातले, पण मुंबईत येऊन कम्युनिस्ट पक्षाच्या कामात पडलेले. मदनपुऱ्यातल्या कामगार वस्तीशी त्यांची ओळख होती. ती चित्रपटात जाणवते. आग्ऱ्याचा सलीम मिर्झा जोड्यांचा कारखानदार आहे. फाळणी त्याच्या घरात येते ती आधी पैशाच्या वाटेने. हा उद्या पाकिस्तानात निघून जाईल या संशयाने बँक आणि सावकार हात आखडता घेतात. हवेली भावाच्या नावावर असते. लीगचा पुढारी असलेला तो भाऊ पाकिस्तानात निघून जातो आणि हवेली निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारजमा होते. भाषणे ज्याने केली तो सुटला, मागे राहिलेल्याने किंमत मोजली. शेवटी कारखानदार स्वतः जोडे शिवायला बसतो. बलराज साहनी हे सारे फारसे न बोलता करतात. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ते हयात नव्हते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा नसते. ज्या 1946 च्या निवडणुकांच्या आधारे लीग ‘मुसलमानांचा कौल’ सांगत होती, त्यांत प्रौढ मताधिकार नव्हता. मालमत्ता, कर, शिक्षण यांवर मत ठरत होते. विणकरांची मोमीन कॉन्फरन्स फाळणीच्या मागणीला उघड विरोध करीत होती, पण बहुतेक विणकरांना मतच नव्हते. तरी फाळणीचा डाग मात्र आजही मागावर बसणाऱ्याच्या कपाळावर लावला जातो. ‘गर्म हवा’ या प्रश्नाच्या दारापर्यंत जातो, आत मात्र शिरत नाही. कारागीर त्यात दिसतात, पण कथा मालकाच्या हवेलीतूनच सांगितली जाते. एवढ्या मोठ्या चित्रपटाची ही मर्यादा आम्हांला नोंदवावीशी वाटते.

सईद मिर्झांच्या ‘सलीम लंगडे पे मत रो’ (1989) मध्ये हवेली गेली आणि मुंबईतली खोली आली. पण तोवर उशीर झाला होता. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या होत्या आणि पडद्यावर शेरवानीची जागा गुंडाच्या बनियनने घेऊ घातली होती. नवाब किंवा गुंड! मधला कष्टकरी कुठे गेला?

तो होता, पण आपण त्याला आपला म्हटले नाही. बार्शीचा मेहबूब पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, गिरणीत राबलेला माणूस. अण्णा भाऊ साठे व गव्हाणकरांसोबत त्याने लाल बावटा कलापथक चालवले, संयुक्त महाराष्ट्र डफावर उभा केला. आमच्या मुशायऱ्यांत त्याचे नाव कितीदा निघते? दिलीपकुमारचेच घ्या. ‘मुगल-ए-आझम’मधला (1960) शहजादा सर्वांना पाठ आहे. पण हा फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा 1990 नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीच्या व्यासपीठावर येऊन उभा राहिला, हे आपल्यातल्या शिकलेल्यांनाही आठवण करून द्यावे लागते. मुसलमानांत जाती नाहीत असे म्हणणारे तेव्हा त्याच्यावरही रागावले होते. जात नाही म्हणणे कोणाला परवडते, तेही पाहावे.

मुस्लिम मराठी साहित्यही यातून सुटलेले नाही. 1990 साली सोलापुरात पहिले संमेलन भरले, तेव्हापासून आपण आपले जगणे मराठीत लिहितो आहोत. तरीही कथेत ‘तहजीब’ आणायची वेळ आली, की आपल्यातल्या कित्येकांची लेखणी लखनौची गाडी पकडते. पानाच्या टपरीवरची, बागवानाच्या हातगाडीवरची तहजीब तिला दिसत नाही.

मालेगावच्या पोरांना मात्र ती दिसली. 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांचे हे गाव. यंत्रमाग शुक्रवारी थांबतात आणि लोक सिनेमाला जातात. नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला तो 2000 साली, थोड्याशा पैशांत, गावातलेच नट घेऊन. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ झाला. त्यावर फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये माहितीपट केला आणि 2025 मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला. लोक या सिनेमांना हसतात, आणि ते हसण्यासाठीच आहेत. पण त्या सुपरमॅनकडे एकदा नीट पाहावे. तो यंत्रमागावरचा कामगार, शफीक शेख. अंगाने काडी. त्याची लढाई तंबाखू आणि घाण आवडणाऱ्या खलनायकाशी आहे, आणि पडद्याबाहेर हा नट स्वतः कर्करोगाने गेला. निळ्या कपड्यांत, लाल झगा फडकवत तो उडतो, आणि खाली दिसते ते मालेगाव.