कोयत्याच्या हिशोबातली बेकारी

मंडळी, मघाशी 2023-24 चा आकडा निघाला. श्रमशक्ती सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या लोकांत बेरोजगारीचा दर 3.2 टक्के. 2017-18 ला तोच 6.0 होता. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो नेमकं काय मोजतो, ते परभणीत बसून बघू.

गंगाखेड-पालमकडचं एक जोडपं घ्या. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, कोल्हापूर-सांगलीला नाहीतर बेळगावकडे. पाडव्याच्या आसपास परत. पाच महिने ऊसतोड. उरलेल्या सातांत पेरणी-खुरपणीचे थोडे दिवस, बाकी हात रिकामे. आता 'नेहमीची स्थिती' ही व्याख्या बघा. मागच्या 365 दिवसांत, दुय्यम म्हणून का होईना, 30 दिवस काम केलं की माणूस रोजगारात. म्हणजे हे दोघं वर्षभर कामावर! आठवड्याच्या हिशोबानं त्याच वर्षीचा दर 4.9 होतो, पण तिथंही आठवड्यात एक तास काम केलं की पुरतं.

दुसरं, सहा महिन्यांच्या आत परतणारा माणूस घरचाच धरतात. तेही एका अर्थी बरोबर. पण मग काम सांगलीच्या फडातलं आणि रोजगार परभणीच्या नावावर. आणि जानेवारीत अख्खं घरच कुलूपबंद असेल, तर उत्तर द्यायला कोण?

कोणी म्हणेल, काम मिळालं ना, मग तक्रार कसली? तक्रार ही, की पावसाळ्यात मुकादमाची उचल घ्यावी लागते ती गावात पुरेसं काम नसतं म्हणून. ती फेडायला पुन्हा फडात. बेकारीपायी काढलेलं कर्ज आकड्यात रोजगार होऊन बसतं. मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो. सर्वेक्षण पाच महिन्यांचं वर्ष धरतं.

माहिती नाही, असंही नाही. मागं राहिलेल्या पोरांच्या हंगामी वसतिगृहासाठी शाळा याद्या करते. ऊसतोड कामगारांची ओळखपत्रं ग्रामसेवक देतो. कोण गाव सोडतं, हे गावाला ठाऊक आहे. दरात ते उतरत नाही.

2025 पासून सर्वेक्षणाचे मासिक आकडे येऊ लागलेत, चांगलं आहे. माझं मागणं एका रकान्याचं आहे: राहत्या गावात वर्षातले किती महिने काम मिळालं? तो भरून आला, की 3.2 बद्दल पुन्हा बोलू.