मोरोभट आणि तक्रारदार

तंजावरच्या शहाजीराजांचे (१६८४–१७१२) नाव मराठी नाट्येतिहासात बहुधा एकाच वाक्यात येते: विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’आधी दीडशे वर्षे या राजाने ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक लिहिले. हे वाक्य आम्हां तंजावरकरांना पाठ आहे. त्याच राजाच्या नावावर असलेल्या दुसऱ्या एका नाटकाचा विषय मात्र आम्ही सहसा काढत नाही. ते तेलुगूत आहे आणि त्याचे नाव ‘सतीदानशूरमु’.

कथा थोडक्यात सांगतो. मोरोभट नावाचा विद्वान ब्राह्मण शिष्याला बरोबर घेऊन मन्नारगुडीच्या राजगोपालस्वामींच्या उत्सवाला येतो. तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतली एक विवाहित स्त्री त्याच्या नजरेस पडते आणि देवदर्शन बाजूलाच राहते. शिष्य गुरूला धर्म सांगू लागतो. गुरू आपली सगळी विद्या पणाला लावून तो धर्म खोडून काढतो. ती स्त्रीही त्याला दोघांच्या जातींमधले अंतर बजावते. अखेर तिचा नवरा येतो, भटाची याचना ऐकतो आणि बायकोच दान करायला निघतो. दानशूर म्हटले की आपल्याला कर्ण आठवतो. इथे तो मान अशा माणसाला मिळतो, ज्याच्या हातून दान घेण्याची कल्पनाही मोरोभटाच्या शास्त्राला सहन होणार नाही.

नावाकडे लक्ष द्यावे. तेलुगू नाटकात ते ‘मोरोभटलु’ असे आदरार्थी येते, पण माणूस अस्सल मराठी आहे. राजाने हसण्यासाठी स्थानिक तमिळ पुरोहित निवडला नाही. भोसल्यांच्या मागोमाग कावेरीकाठी आलेला आपलाच माणूस निवडला. याच राजाने १६९३ च्या सुमारास तिरुविसनल्लूर हे गाव ‘शहाजीराजपुरम’ या नावाने पंडितांना अग्रहार म्हणून दिले. पंडितांना पोसणारा आणि पंडिताची फजिती मांडणारा हात एकच होता. ‘पंचभाषाविलास’ या एकाच नाटकात पाच भाषा बोलवणाऱ्या राजाने ही फजिती दरबाराच्या आवडत्या तेलुगूत लिहावी, यातही मला खोडसाळपणा दिसतो.

हे नाटक उद्या एखाद्या वाहिनीने दाखवायचे ठरवले तर?

दूरचित्रवाणीच्या मालिकेला चित्रपटासारखे आगाऊ प्रमाणपत्र लागत नाही. तिथे लागू होते ती १९९४ च्या केबल नियमांतली कार्यक्रम-संहिता. तिच्या सहाव्या नियमानुसार धर्मांवर किंवा समाजांवर हल्ला करणारे, धार्मिक गटांचा उपमर्द करणारे शब्द वा दृश्ये चालत नाहीत. सर्वांना निर्बंधाविना दाखवण्याजोगा नसलेला कार्यक्रमही चालत नाही. २०२१ पासून तक्रारीची तीन पायऱ्यांची वाट आखलेली आहे: आधी वाहिनी, मग वाहिन्यांचे स्वनियमन मंडळ, शेवटी सरकार. म्हणजे कात्री आधी कोणाच्या हातात नसते. ती वाहिनीच्या मनात असते आणि तिला धार येते ती भावी तक्रारदाराच्या भीतीने.

या संहितेची भाषा समीक्षक म्हणून वाचताना मला एक गोष्ट खटकते. ती शब्द आणि दृश्ये मोजते. कृतीचा आकार तिच्या दृष्टीस पडत नाही. मोरोभटाचे एखादे वाक्य सुटे काढले तर तो ब्राह्मणांचा अपमान ठरेल, दुसरे काढले तर दलितांचा, तिसरे काढले तर उत्सवाचा. पण या प्रहसनात हसू सुट्या वाक्यांत नाही. गुरू आणि शिष्य यांच्या जागा हळूहळू उलटतात, आणि दान घेणाऱ्यापेक्षा देणारा मोठा दिसू लागतो, त्या क्रमात ते आहे. तो क्रम संपूर्ण पाहिल्याशिवाय हाती लागत नाही.

संपूर्ण पाहण्याचा एक दाखला आपल्याकडे आहे. १९८८ साली दूरदर्शनवर गोविंद निहलानींची ‘तमस’ सुरू असताना ती थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली. ‘तमस’मध्ये विडंबन नाही, फाळणीच्या दंगलीची ती कथा आहे. पण प्रश्न हाच होता. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि बंदी नाकारली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम करताना नागपूर उच्च न्यायालयातल्या विवियन बोस यांची १९४६ ची कसोटी उचलली: परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या नजरेने, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाच्या नजरेने नव्हे. तक्रारीची यंत्रणा नेमकी या दुसऱ्या मनाची वाट पाहत बसते.

इथवर मी स्वतःशी एक सोयीचा युक्तिवाद करत आलो होतो. शहाजीचे हसू आतले आहे, उत्सवाच्या अंगणातले आहे. देव जागेवर आहे, फजिती देवाच्या नावाने मिरवणाऱ्याची आहे. याला परंपराही जुनी. कांचीच्या महेंद्रवर्मन पल्लवाने सातव्या शतकात ‘मत्तविलास’ लिहून कापालिक, पाशुपत आणि बौद्ध भिक्षू यांना एकाच रस्त्यावर भांडत ठेवले, आणि केरळात ते प्रहसन देवळात नवसाचा प्रयोग म्हणूनही होत आले आहे. याच तंजावर मुलखात जन्मलेल्या करुणानिधींच्या ‘पराशक्ती’चा (१९५२) नायकही कोर्टात असेच काहीसे सांगतो: पुजाऱ्यावर हात उगारला तो भक्तीला विरोध म्हणून नव्हे, भक्तीचे सोंग होऊ नये म्हणून.

पण या युक्तिवादात एम. आर. राधा बसत नाहीत. त्यांनी १९५४ च्या सुमारास ‘रामायण’ रंगभूमीवर आणले ते थेट रामाची थट्टा करायला, श्रद्धेच्या पूर्ण बाहेर उभे राहून. त्या वादातच मद्रास सरकारने १९५४ चा नाट्यप्रयोग कायदा केला. त्याची मुख्य कलमे मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केली ती २०१३ साली. आतल्यालाच हसण्याचा परवाना द्यायचा, तर राधांचे काय? आणि आतला कोण हे ठरवणार कोण? हसणारा कुठे उभा आहे, हा प्रश्न मी समीक्षेसाठी ठेवतो, कारण त्याने कृती उलगडते. कायद्याच्या हाती तो दिला की त्याचा दाखला होतो.

आणखी एक आक्षेप मला टाळता येत नाही. नाटककार स्वतः राजा होता. त्याच्यावर परीक्षक कोणी नव्हता. दरबारात हसणाऱ्यांमध्ये त्या स्त्रीच्या वस्तीतले कोणी बसले असेल असे मला वाटत नाही. दानशूर ठरतो तो नवरा, पण दानात जाते ती बायको, आणि तिच्या होकाराची गरज शीर्षकालाही वाटत नाही. आज एखाद्या दलित प्रेक्षकाने या नाटकावर बोट ठेवले, तर तो मोरोभटाच्या वंशजाच्या दुखावलेल्या भावनेच्या रांगेत बसणार नाही. संहिता मात्र दोघांनाही एकच अर्ज देते. एकाला आपला मान गेल्याचे दुःख आहे. दुसरा विचारतो आहे की या हसण्याची किंमत कोणी मोजली. हा दुसरा प्रश्न नाटक बंद करून सुटत नाही. तो नाटक दाखवून, त्यावर बोलूनच विचारता येतो.

म्हणून माझे मत असे: ‘सतीदानशूरमु’ दाखवावे, रात्री उशिरा दाखवले तरी चालेल, पण न कापता, मराठी आणि तमिळ उपशीर्षकांसह, आणि त्यानंतरच्या चर्चेत त्या स्त्रीच्या बाजूने बोलणाऱ्याला पहिली खुर्ची द्यावी. तक्रार जरूर घ्यावी. तक्रारदाराला एवढेच विचारावे की शेवटपर्यंत पाहिले का.

आमच्यापुरते बोलायचे तर या नाटकावर कोणी बंदी घातलेली नाही. ‘सिम्बल्स ऑफ सबस्टन्स’ (१९९२) या ग्रंथात वेल्चेरू नारायण राव, डेव्हिड शुलमन आणि संजय सुब्रह्मण्यम यांनी त्यावर लिहूनही बराच काळ लोटला. पहिल्या मराठी नाटकाचा मान मागताना आम्ही शहाजीराजांना पुढे करतो आणि मोरोभटाला घरात ठेवतो. त्यासाठी आम्हांला कोणा सरकारी आदेशाची गरज पडलेली नाही.