दोन टक्के की नव्वद टक्के? दहशतवादविरोधी धोरणाची ऑनलाइन माहिती तपासताना

जून २०२२ मध्ये अमरावतीत एका औषध विक्रेत्याचा खून झाला. तेव्हा मी पीएच.डी.साठी विषय शोधत होतो. वलगावच्या चहाच्या टपरीवर रोज नवी हकीकत ऐकू यायची. कोणी म्हणे लुटीचा प्रकार आहे, कोणी म्हणे प्रकरण मोठं आहे. प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळा मेसेज. घटना २१ जूनची आणि २ जुलैला केंद्रीय गृहमंत्रालयाने तपास एनआयएकडे दिला. मला प्रश्न पडला, राज्याच्या पोलिसांकडचा तपास अकरा दिवसांत दिल्लीकडे जातो तो कोणत्या अधिकाराने? उत्तर एनआयए कायदा, २००८ च्या कलम ६ मध्ये आहे आणि तो कायदा सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. मला आलेल्या एकाही मेसेजमध्ये या कलमाचा उल्लेख नव्हता.

तिथून माझा विषय ठरला. पण आज लिहायचंय ते माझ्याच पहिल्या संशोधन आराखड्याबद्दल, कारण त्यात केलेली चूक मला अजूनही बऱ्याच आराखड्यांत दिसते.

मी लिहिलं होतं, “यूएपीए कायद्याखाली दोषसिद्धीचं प्रमाण केवळ दोन टक्के आहे.” सरांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “हे दोन टक्के कुठून आणले रे बाप्पा?” मी म्हटलं, “सर, सरकारी आकडा आहे. संसदेतलं उत्तर आहे.” ते म्हणाले, “उत्तर वाचलं का बातमी?”

मी बातमी वाचली होती. मूळ उत्तर फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत दिलेलं आहे. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जण दोषी ठरले, असं त्यात आहे. दोन्ही आकडे खरे. भागाकार केला की २.२ टक्के येतात, तेही गणित म्हणून बरोबर. पण हा दोषसिद्धीचा दर नाही. २०१८ मध्ये अटक झालेल्या माणसाचा खटला २०१९ पर्यंत संपलेला असेलच असं नाही, आणि २०१८ मध्ये दोषी ठरलेला माणूस त्याआधीच कधीतरी पकडलेला असू शकतो. म्हणजे अंश एका गटाचा आणि छेद दुसऱ्याच गटाचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दोषसिद्धीचा दर काढताना ज्या प्रकरणांचा खटला पूर्ण झाला तेवढीच छेदात घेतो.

आता दुसरी बाजू बघा. एनआयए स्वतःच्या प्रकरणांत दोषसिद्धीचा दर नव्वद टक्क्यांहून जास्त असल्याचं सांगते. हाही अधिकृत आकडा. कायद्याच्या बाजूने लिहिणारे हा उचलतात, विरोधात लिहिणारे दोन टक्के उचलतात आणि दोघंही खाली ‘शासकीय स्रोत’ असं लिहून मोकळे होतात. पण एनआयएचा दर निकाल लागलेल्या प्रकरणांवर काढलेला आहे. अजून चालू असलेले खटले त्यात येत नाहीत, आणि आरोपी किती वर्षं आत होता हेही त्यात दिसत नाही. शिवाय एनआयएकडे निवडक प्रकरणं जातात. राज्यांच्या पोलिसांनी नोंदवलेले यूएपीएचे गुन्हे वेगळे.

अजून एक घोळ आहे. यूएपीए १९६७ चा कायदा. पोटा रद्द झाला तेव्हा, २००४ मध्ये, दहशतवादी कृत्यांबद्दलची कलमं त्यात घातली गेली. त्याआधीपासूनचं ‘बेकायदा कृत्यां’चं कलम १३ आजही आहे. त्यामुळे यूएपीएच्या गुन्ह्यांचा आकडा सरळ ‘दहशतवादाचे गुन्हे’ म्हणून वापरता येत नाही.

आपली अडचण ‘खात्रीची वेबसाइट कोणती’ एवढ्यापुरती नसते. स्रोत खात्रीचा असला तरी तो कोणत्या गोष्टीबद्दल खात्रीने बोलू शकतो, हे आपण विचारत नाही. याची तीन उदाहरणं देतो.

पहिलं, राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र, म्हणजे एनसीटीसी. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये ‘स्थापना २०१२’ असं बिनधास्त छापलेलं मी पाहिलंय. फेब्रुवारी २०१२ मध्ये केंद्राने त्याचा आदेश काढला होता आणि १ मार्चपासून काम सुरू होणार होतं, हे खरं. पण अटक आणि झडतीच्या अधिकारांवरून अनेक मुख्यमंत्र्यांनी विरोध केला, मे महिन्यात दिल्लीत बैठक झाली आणि केंद्र काही सुरू झालं नाही. आदेश अस्सल आहे, पण तो फक्त सरकारचा इरादा सांगतो. पुढे काय झालं ते बघायला नंतरच्या तारखेचे कागद लागतात. भाषणांचंही तसंच. राष्ट्रीय दहशतवादविरोधी धोरण आणि रणनीती लवकरच आणू, असं केंद्रीय गृहमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२४ मधल्या दिल्लीच्या परिषदेत सांगितलं. ते भाषण घोषणेचा पुरावा म्हणून वापरा. धोरणात काय आहे हे सांगायला मात्र धोरणाचा मजकूरच हवा.

दुसरं, ग्लोबल टेररिझम डेटाबेस. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाचा हा डेटासंच १९७० पासूनच्या घटना देतो आणि संशोधनात सर्रास वापरला जातो. पण १९९३ या वर्षाच्या मूळ नोंदी हरवल्यामुळे मुख्य संचात ते वर्षच नाही. महाराष्ट्राचा आलेख काढला तर १९९३ च्या जागी काहीच दिसणार नाही. १२ मार्च १९९३ ला मुंबईत २५७ माणसं गेली! माहितीपुस्तिका न वाचता आलेख काढणारा ‘१९९३ मध्ये घटना शून्य’ असं लिहून बसेल. दिल्लीच्या साउथ एशिया टेररिझम पोर्टलचा उपयोग मीही करतो, पण त्याच्या नोंदी मुख्यतः बातम्यांवरून घेतलेल्या असतात. जिथे बातमीदार पोचला नाही, तिथली घटना सुटू शकते.

तिसरं उदाहरण सगळ्यात जड आहे. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांचीच दोषसिद्धी रद्द केली. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल पूर्वदाखला म्हणून वापरू नये. आता २००६ ची अटकेची बातमी, २०१५ चा निकाल आणि २०२५ चा निकाल, तिन्ही इंटरनेटवर शेजारी शेजारी आहेत. शोधलं की कोणतंही आधी येतं. ज्याने २०१५ वर थांबून ‘स्फोट घडवणारे’ म्हणून नावं लिहिली, त्याने प्रबंधात माणसांवर आरोप कायम ठेवला. जे मेले त्यांच्या घरच्यांना तरी त्यातून काय मिळालं? आपल्या विषयात तारीख चुकली तर ती कोणाच्या तरी अंगावर येते, एवढं ध्यानात ठेवा.

मी आता एक साधी वही ठेवतो. चार रकाने: विधान काय, कोणी केलं, कोणत्या तारखेला, आणि त्याला ते कसं कळलं. चौथा रकाना रिकामा राहिला तर ते विधान प्रबंधात जात नाही. कायद्याचा मजकूर इंडिया कोडवरून, पण कोणत्या दुरुस्तीपर्यंतचा ते बघून. यूएपीएत २००८, २०१२ आणि २०१९ मध्येही बदल झालेत. संसदेतलं उत्तर घेताना प्रश्नही वाचायचा, कारण विचारलं तेवढंच उत्तर मिळतं. पीडीएफ लगेच उतरवून घ्यायची, आज असलेली लिंक उद्या असेलच असं नाही.

हे सगळं केल्यावर लिखाण फिकं होतं, अशी तक्रार ज्युनिअर मित्र करतात. होतं थोडं. माझ्या आराखड्यातलं ते वाक्य आता असं आहे: “राज्यसभेतील फेब्रुवारी २०२१ च्या उत्तरानुसार २०१६ ते २०१९ या काळात यूएपीएखाली ५,९२२ व्यक्तींना अटक झाली व १३२ व्यक्ती दोषी ठरल्या, हे दोन आकडे एकाच गटातील व्यक्तींचे नसल्याने त्यांवरून दोषसिद्धीचा दर काढलेला नाही.” टाळ्या पडणार नाहीत या वाक्याला. पण सरांनी पुन्हा विचारलं, “कुठून आणलं रे बाप्पा?”, तर आता माझ्याकडे उत्तर आहे.