वादकाची लय आणि कादंबरीचे गद्य : जीत थायिल

जीत थायिल यांचे गिटारवादन हा त्यांच्या लेखनाच्या लयीचा उगम मानणे सोपे आहे. संहिता मात्र त्यास पुरेसा आधार देत नाहीत. ‘नार्कोपोलिस’ (२०१२) या मुंबईच्या अफूअड्ड्यांवरील कादंबरीचे प्रास्ताविक म्हणजे अनेक पृष्ठे वाहणारे एकच वाक्य होय. उलट ‘द बुक ऑफ चॉकलेट सेंट्स’ (२०१७) मध्ये न्यूयॉर्कहून दिल्लीला परतणाऱ्या कवी-चित्रकाराचे आयुष्य मुलाखतवजा निवेदनांच्या तुकड्यांतून उभे राहते. पखवाज शिकलेल्या अरुण कोलटकरांची कविता अभ्यासतानाही हा भेद उपयुक्त ठरतो. वाद्य लेखकाला लयीचे भान देते. कोणती लय स्वीकारावी, हे मात्र कथनाची गरजच ठरवते.