सहा, सहा आणि सहा

समीकरण संतुलित करणे हा परीक्षेत हमखास गुण मिळवून देणारा प्रश्न. म्हणूनच मुले तो हिशेबासारखा उरकतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पण एखाद्या समीकरणापाशी कवितेच्या ओळीपाशी थांबावे तसे थांबले, तर त्यातला अर्थ उलगडत जातो. त्यासाठी मी प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण घेतो. शहापूर-मुरबाडकडच्या साग-ऐनाच्या रानात ते दर पावसाळ्यात पानापानांत चालू असते.

6 कार्बन डायऑक्साइड + 6 पाणी → 1 ग्लुकोज + 6 ऑक्सिजन

सुरुवात ग्लुकोजपासून करावी. त्याच्या एका रेणूत 6 कार्बन, 12 हायड्रोजन आणि 6 ऑक्सिजन. कार्बन येतो फक्त कार्बन डायऑक्साइडमधून, एका रेणूमागे एक. म्हणून त्याचे 6 रेणू. हायड्रोजन येतो फक्त पाण्यातून, एका रेणूमागे दोन. म्हणून पाण्याचेही 6. आता डावीकडे ऑक्सिजनचे अणू झाले 12 आणि 6, म्हणजे 18. त्यांतले 6 ग्लुकोजने घेतले, उरलेल्या 12 अणूंचे जोडीजोडीने 6 रेणू झाले. तिसरा सहा आपण शोधायला गेलो नव्हतो, तो पहिल्या दोन सहांमधून आपसूक निघाला.

या खेळाची गोडी त्याच्या बंधनात आहे. रेणूच्या आधीचा आकडा बदलायची मुभा आहे, चिन्हाच्या पायाशी असलेल्या लहान अंकाला मात्र हात लावायचा नाही. पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी 2 लिहिला तर एखादे वेळी हिशेब जुळेलही, पण ते पाणी राहणार नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होईल. पदार्थाची ओळख न मोडता बेरीज जमवायची, हीच खरी कसोटी. लाव्हाझिएचा द्रव्य अक्षय्यतेचा नियम इथे ग्रॅममध्येही पडताळता येतो : 264 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि 108 ग्रॅम पाणी मिळून 372, उजवीकडे 180 ग्रॅम ग्लुकोज आणि 192 ग्रॅम ऑक्सिजन, तेही 372.

इतके जुळल्यावरही एक प्रश्न उरतो. बाहेर पडणारा ऑक्सिजन कुठला, हवेतल्या वायूतला की पाण्यातला? गंधक बाहेर टाकणाऱ्या जिवाणूंच्या अभ्यासावरून व्हॅन नील यांनी तो पाण्यातला असावा असे मांडले. 1941 मध्ये रूबेन आणि केमेन यांनी ऑक्सिजनचे जड समस्थानिक वापरून त्याला आधार दिला. आता समीकरण पुन्हा वाचा. सुटलेल्या ऑक्सिजनचे अणू 12 आणि पाण्याचे रेणू मात्र 6! म्हणून वरच्या वर्गांत डावीकडे 12 पाणी लिहितात आणि उजवीकडे 6 पाणी परत दाखवतात. आधीचे समीकरण चूक नव्हते. त्यात बेरीज पुरी होती, अणूंचा प्रवास नव्हता.

हेच समीकरण उजवीकडून डावीकडे वाचायचे तर शहापूर-मुरबाड भागातली राबाची भाजणी पाहावी. भाताची रोपे जिथे करायची त्या तुकड्यावर पावसाआधी शेण, टहाळ, पातेरा पसरतात, वर मातीचा पातळ थर देतात आणि पेटवतात. पानातले सेल्युलोज म्हणजे एकमेकांत गुंफलेले ग्लुकोजच. ते जळताना ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ सोडते. पानाने साठवलेले ऊन उष्णता होऊन बाहेर येते. धुरात आणि कोळशात थोडे अर्धवट जळलेलेही राहते, पण मुख्य व्यवहार हाच. हवेतून घेतलेले हवेत गेले.

मागे उरते राख, आणि ती या समीकरणात कुठेच नाही. पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस ही मुळांनी मातीतून ओढलेली द्रव्ये तिच्यात असतात. शेतकऱ्याला राबातून हवी असते ती हीच. भाजणीने तणाचे बी जळते आणि कोवळ्या रोपांना हे खत मिळते. झाडाने हवेतून आणि पाण्यातून किती घेतले आणि जमिनीतल्या खनिजांतून किती थोडे, हे त्या राखेच्या पातळ थरावरून कळते.

राब भाजणाऱ्या घरातल्या मुलाला हे समीकरण परके वाटायचे कारण नाही. दोन्ही बाजू जुळल्या की गुण मिळतील, पण त्याने तिथेच न थांबता दोन प्रश्न विचारावेत : कोणता अणू कुठून आला, आणि या ओळीत कोण आलेच नाही? रसायनशास्त्र खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.