आजोबांची खिडकी, नातवाची चौकट

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या दीक्षान्त सभागृहाची गोल खिडकी आणि इंग्लंडच्या रस्त्यांवरची लाल टेलिफोन पेटी या दोन्ही एकाच घराण्याच्या कलाकृती आहेत. सभागृह जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. ते १८७४ साली पूर्ण झाले. जिला ‘के-६’ म्हणतात ती पेटी त्यांचे नातू जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी १९३५ साली, राजे पाचवे जॉर्ज यांच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने रेखाटली. आजोबांच्या खिडकीला रंगीत काच मिळाली, नातवाच्या पेटीला साधी. पुढे मोबाइल आले आणि पेट्या निकामी झाल्या. २००८ पासून तिथल्या गावांना त्या एका पौंडात दत्तक मिळू लागल्या. कुणी आत पुस्तके मांडली, कुणी हृदयाला झटका देऊन जागे करणारे यंत्र ठेवले, आणि काही कारागिरांनी साध्या तावदानांच्या जागी एखादा विषय घेऊन रंगीत काचा बसवल्या. ही शेवटची कल्पना मला फार आवडली, कारण नातवाची चौकट रंगीत काचेसाठी आजोबांच्या खिडकीइतकीच तयार आहे. कशी, ते चौकटीपासूनच पाहू.

आधी आजोबांची खिडकी. स्कॉट मुंबईत कधी आले नाहीत. नकाशे लंडनमध्ये काढून पाठवले. खिडकीसाठी त्यांनी विषय घेतला बारा राशींचा. या निवडीतले शहाणपण चटकन लक्षात येत नाही. युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या काचांतही राशी आहेत, म्हणजे विषय त्यांच्या परंपरेतलाच. पण मुंबईत त्या खिडकीखाली बसणार होते पारशी, गुजराती, मराठी, मुसलमान विद्यार्थी. सभागृहासाठी देणगी दिली होती सर कावसजी जहांगीर यांनी. मेंढा, बैल, खेकडा, सिंह, विंचू, तराजू ही चित्रे ओळखायला यांतल्या कुणालाही कुणाचा धर्मग्रंथ उघडावा लागत नव्हता. शिवाय वर्तुळाचे बारा भाग करायचे आणि बारांचाच विषय घ्यायचा, म्हणजे आकार आणि आशय यांच्यामध्ये सांधाच उरत नाही. खानदेशी माणसाला इथे चाळीसगावजवळचे पाटण आठवल्याशिवाय राहत नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, आणि तेराव्या शतकाच्या आरंभीचा तो शिलालेख पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी जगापुढे आणला. राशीचक्राचे गणित ज्या घराने मांडले त्याचा नातूही चौकट बांधणाराच निघाला!

आता नातवाची पेटी जवळून बघा. ओतीव बिडाचा सांगाडा, सागवानी दार, वर उथळ घुमट. घुमटाची कल्पना वास्तुकार सर जॉन सोन यांच्या लंडनमधल्या समाधीवरून घेतलेली. आधीच्या ‘के-२’ पेटीत तावदानांच्या सहा ओळी होत्या आणि ओळीतली तिन्ही तावदाने सारख्या रुंदीची. नजर तिथे कुठेच ठरत नाही. ‘के-६’ मध्ये स्कॉटनी ओळी आठ केल्या, मधले तावदान रुंद केले आणि कडेची दोन अरुंद. एवढ्याशा बदलाने पेटीला लुगड्यासारखे अंग आणि काठ आले: मधल्या पटात बोलायचे ते बोलावे, कडेच्या पट्ट्यांनी ते सावरून धरावे. दार धरून तीन बाजूंना काच आहे, प्रत्येकी चोवीस तावदाने. चौथी बाजू बंद, कारण यंत्र तिथे टांगायचे होते. म्हणजे बहात्तर काचा. रंगीत काचेचा आराखडा करणाऱ्याला याहून स्पष्ट आज्ञा कुणी दिली नसेल.

ही आज्ञा मानायची की मोडायची, यात कारागिराची पारख होते. रंगीत काचेचे चित्र म्हणजे मुळात तुकड्यांचे चित्र. आधी कागदावर पुऱ्या मापाचे रेखाटन, मग काच कापायच्या हिरकणीने एकेक तुकडा, मग दोन्ही अंगांनी खाचा असलेल्या शिशाच्या पट्टीत तो बसवायचा, सांध्यांवर डाख द्यायचा, आणि शेवटी खडूची पूड, जवसाचे तेल व काजळी यांचा लगदा खाचेत घासायचा. शिशाची पट्टी काळीच दिसते, कारण उजेड तिच्यातून येत नाही. नवशिका तिला अडचण समजतो आणि चित्र पुरे झाल्यावर ती कुठेतरी घुसवतो. जाणता तिलाच आधी काढतो. पानाची शीर, डोंगराची कड, बांध, काठ या जागा त्याने शिशासाठी हेरलेल्या असतात, म्हणून बघणाऱ्याला पट्टी दिसतच नाही, पान दिसते. पेटीत या काळ्या रेषांच्या जोडीला स्कॉटच्या जाड आडव्या-उभ्या पट्ट्या आहेत. म्हणून तिथे माणसांचे चेहरे घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. थोरांची चित्रे रंगीत काचेत उतरवण्याची हौस आपल्याकडे मोठी. पण कपाळावरून एक पट्टी आणि ओठांवरून दुसरी गेली की आदरही तुटतो आणि चित्रही.

मग खानदेशची पेटी कशी व्हावी? मी तिचा कागदी आराखडा इथे मांडतो. यातला पहिला निर्णय चित्राचा नाही, दिशेचा आहे. बंद बाजू पश्चिमेला. जळगावचे मे महिन्यातले दुपारचे ऊन बिडाच्या पाठीने झेलावे, काचेने नव्हे. मग दार पूर्वेला येते आणि उरलेल्या दोन बाजू उत्तर आणि दक्षिण. रंगांची निवडही उन्हानेच ठरते. इंग्लंडच्या ढगाळ आभाळाखाली फिकट काच शोभते. आपल्याकडे तीच काच धुतल्यासारखी पांढरी पडेल. इथे रंग खोल हवा. त्यातही निळा आणि लाल यांचे स्वभाव उलट. कोबाल्टने आलेला निळा प्रखर उजेडात पसरतो, शेजारची बारीक काळी रेष गिळून टाकतो, लाल आक्रसतो. आणि लाल काच जाडीभर रंगवली तर काळीठिक्कर दिसते, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवण्याची युक्ती जुन्या कारागिरांनी काढली. हे ठाऊक असलेला माणूस निळ्याभोवती जाड पट्टी घेतो, लालाभोवती बारीक, आणि दुरून दोन्ही सारख्याच दिसतात.

उत्तरेच्या काचेवर सातपुडा. पेटीत उभे राहून उत्तरेकडे पाहिले तर खरा सातपुडाही तिकडेच आहे, हे या जागेचे पहिले सुख. वरच्या ओळींत आभाळ, खाली डोंगरांच्या रांगा, लांबची फिकी, जवळची गडद निळी, मग काळ्या मातीचा पट्टा आणि तळाच्या ओळीत तापी. इथे एक नियम पाळायचा: डोंगराची कड स्कॉटच्या आडव्या पट्टीवर कुठेही टेकता कामा नये. ती तिरपी यावी, पट्टी ओलांडून पलीकडच्या तावदानात चढावी. कड आणि पट्टी एक झाली की डोंगर फळीवर मांडल्यासारखा दिसतो. ओलांडून गेली की पट्टी मागे राहते आणि डोंगर चौकटीपेक्षा मोठा होतो. कडेच्या अरुंद तावदानांत कडांची टोके मुद्दाम अर्धीच सोडावीत, म्हणजे रांग काचेबाहेरही चालू आहे असे मन समजून घेते. उत्तरेला थेट ऊन फारसे येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो. पसरणाऱ्या निळ्याला हीच बाजू मानवते.

दक्षिणेची काच धुळ्याची. तिथे मला पांझरेवरची फड पद्धत हवी. ही शतकांची जुनी व्यवस्था ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालचे सगळे शेत म्हणजे थळ, आणि थळाचे पाडलेले फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. नदीकाठची ही विभागणी स्कॉटच्या चौकटीत जशीच्या तशी बसते. उजव्या अरुंद पट्टीत बंधारा; सर्वांत वरच्या ओळीतून उंच अंगाने जाणारा पाट; तळाच्या ओळीत नदी; आणि मधल्या सहा ओळींत फड. उसाचा फड गर्द हिरवा, पिकल्या गव्हाचा पिवळा, एक फड पडीत, तपकिरी. गव्हाच्या पिवळ्यासाठी वेगळी काच आणू नये. चांदीच्या क्षाराचा लेप देऊन काच भट्टीत भाजली की मधासारखा पारदर्शक पिवळा उतरतो, आणि लेपाच्या जाडीप्रमाणे एकाच तुकड्यात लिंबापासून केशरीपर्यंत छटा मिळतात. वाऱ्यावर हलणाऱ्या शेताला याहून चांगला रंग नाही. उत्तरेला चौकटीशी झगडायचे होते, इथे तिला शरण जायचे: बांध आणि पाट नेमके स्कॉटच्या पट्ट्यांवरच यावेत. चौकट तीच, पण एकीकडे ती नाहीशी होते आणि दुसरीकडे तीच शेताचा बांध होते. धुळ्याच्या जुन्या शहरालाही सरळ, नंबरांच्या गल्ल्यांची सवय आहे. कॅप्टन ब्रिग्जने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आखलेले ते गाव ही काच लगेच ओळखेल.

आता पाण्याकडे बघा. तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते; उत्तरेकडे तोंड करून पाहणाऱ्याच्या ती उजवीकडून डावीकडे जाते. पांझरा साक्रीकडच्या सह्याद्रीतून निघून धुळ्यापर्यंत पूर्वेला वाहते, मग उत्तरेला वळून तापीला मिळते. दक्षिणेकडे तोंड केले तर तीही उजवीकडून डावीकडेच. नकाशाशी एक रेषही खोटे न बोलता दोन्ही काचांतले पाणी माणसाच्या भोवती एकाच अंगाने फिरते. हे कुणी योजलेले नाही, भूगोलानेच दिले आहे. काचेत लांबट, लाटदार रेघांची काच आडवी घालून त्या वाहण्याला दिशा तेवढी द्यायची.

दारावर केळीचे एकच पान, आठही ओळी व्यापणारे. रावेर-यावलच्या बागा ज्यांनी पाहिल्या त्यांना पानाचे वर्णन नको. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. केळीच्या पानाच्या शिरा मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत समांतर धावतात, आणि वाऱ्याने पान फाटते तेही शिरांच्याच रेषेत. शिशाच्या पट्ट्यांसाठी निसर्गाने इतके आयते रेखाटन दुसऱ्या कुठल्या झाडाला दिलेले मला माहीत नाही. दांडा मधोमध घेऊ नये, किंचित डावीकडे घ्यावा. नाहीतर पान नक्षी होते. चिरफळ्यांच्या मधल्या फटींत फिकट पिवळी काच असावी, म्हणजे पूर्वेचे ऊन तिथूनच आत शिरेल. अरुंद तावदानांत काहीही रंगवू नये, रेघांची साधी काच पुरे. या दारात आणखी एक गंमत आहे, ती बिजागरीची: दार उघडताना पान वळते आणि हिरवा उजेड जमिनीवरून भिंतीवर चढतो.

जळगावकर विचारतील, कापूस कुठे? काचेत पांढरा हा सर्वांत अवघड रंग. साधी काच ठेवली तर बोंड इतके चमकते की शेजारचे सगळे रंग विझतात. पण स्कॉटने पेटीच्या माथ्यावर, चारही बाजूंना, एक लांबट दुधी काच ठेवली आहे. तिच्यावर इंग्रजीत ‘टेलिफोन’ लिहिलेले असते आणि रात्री आतल्या दिव्याने ती उजळते. कापसाची जागा ती. दोन टोकांना दोन उमललेली बोंडे, मध्ये ‘दूरध्वनी’. अक्षरे काढणाऱ्याने एवढे सांभाळावे की वेलांटीला शिरोरेषेच्या वर आणि उकाराला खाली मोकळी जागा लागते. इंग्रजी अक्षरांची उंची नक्कल केली तर दोन्ही कापले जातील. शिरोरेषा मात्र एकसंध शिशाची असू द्यावी. अक्षरे तिला टांगून राहतात, हे देवनागरीचे रूप काचकामाला किती सोयीचे आहे! दिवसा बाहेरून पाहणाऱ्याला खालची सगळी काच काळसर दिसेल, कारण रंगीत काच उजेडाच्या विरुद्ध बाजूनेच बघावी लागते. रात्री दिवा लागला की बाजू पालटते, आणि बहात्तर तावदाने रस्त्याला दिसू लागतात.

यासाठी इंग्लंडहून पेटी आणायची गरज नाही. एसटीडी-पीसीओच्या काळात आपल्याकडे गल्लोगल्ली तावदानांच्या केबिनी होत्या; भारतात दूरसंचार केंद्रे गावोगाव पोचवण्यासाठी सी-डॉट १९८४ साली स्थापन झाले आणि त्यानंतर काही वर्षांतच पिवळ्या-काळ्या पाट्या सगळीकडे झळकल्या. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर इथे कुणाच्या दुकानामागे अशी केबिन अजून उभी असेल, तर ती मोडीत घालू नका. तावदाने मोजा, मापे लिहून ठेवा, तिच्या कुठल्या बाजूला उत्तर आहे ते बघा, आणि काच कापणाऱ्या एखाद्या चांगल्या कारागिराला बोलवा.