दिसणारा दोष आणि जाणवणारी वेदना : कंबरदुखीविषयक संशोधनाची चिकित्सा

प्रास्ताविक

कंबरदुखीचा अनुभव आयुष्यात एकदाही आला नाही, अशी व्यक्ती विरळाच. जागतिक रोगभाराच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार २०२० साली जगभरात ६१.९ कोटी लोक या व्याधीने ग्रस्त होते. २०५० पर्यंत ही संख्या ८४.३ कोटींवर जाईल, असा त्या अभ्यासकांचा अंदाज आहे. व्याधी इतकी व्यापक असूनही बहुसंख्य रुग्णांमध्ये वेदनेचा नेमका शारीरिक उगम निश्चितपणे दाखविता येत नाही. ही गोष्ट संशोधनपर लेखनात उघडपणे मांडली जाते. चिकित्सालयात मात्र ती क्वचितच उच्चारली जाते. तेथे रुग्णाच्या कानी पडतात ती विधाने वेगळी असतात : ‘गादी सरकली आहे’, ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’. ही विधाने रुग्ण पुढे अनेक वर्षे जवळ बाळगतो आणि वाकताना, उचलताना, प्रवास करताना त्यांच्या धाकात वावरतो.

प्रस्तुत लेखात कंबरदुखीच्या कारणांविषयीच्या व उपचारांविषयीच्या काही महत्त्वाच्या संशोधनांची चिकित्सा करावयाची आहे. तपासणीत दिसणारा दोष म्हणजेच वेदनेचे कारण, हे समीकरण या क्षेत्रात दीर्घकाळ प्रमाण मानले गेले आणि संशोधनानेच पुढे ते शिथिल केले. तथापि त्याच्या जागी जे नवे प्रतिमान आले, त्याचीही तितकीच कठोर परीक्षा व्हावयास हवी, अशी प्रस्तुत लेखकाची भूमिका आहे.

चकतीच्या सिद्धान्ताचा उदय

१९३४ साली बोस्टन येथील विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार या दोन शल्यविशारदांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात १९ रुग्णांची माहिती देणारा निबंध प्रसिद्ध केला. मज्जानलिकेत आढळणाऱ्या ज्या गाठींना तोवर कूर्चेचे अर्बुद समजले जात असे, त्यांपैकी अनेक गाठी म्हणजे मणक्यांमधील चकती फुटून बाहेर आलेला भाग होय, हे त्यांनी दाखवून दिले. पायात उतरणाऱ्या कळेचे, म्हणजे सायटिकेचे, एक कारण त्यामुळे स्पष्ट झाले. या निबंधाचे मोल आजही कमी होत नाही.

अडचण उद्भवली ती या शोधाच्या विस्तारात. मज्जातंतूच्या मुळावर दाब आल्याने पायात उतरणारी कळ आणि कमरेतच राहणारी दुखण्याची जाणीव या दोन भिन्न गोष्टी आहेत. कंबरदुखीच्या एकूण रुग्णांत सायटिकेचे रुग्ण अल्पसंख्य असतात. तरीही पुढील काळात चकतीचा सिद्धान्त सर्वच कंबरदुखीला लागू करण्यात आला. शिवाय शस्त्रक्रियेच्या टेबलावर आलेल्या रुग्णांचीच चकती पाहिली गेली होती. ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्या चकत्या कशा असतात, हा तर्कशास्त्राच्या दृष्टीने अनिवार्य असलेला प्रश्न अनुत्तरित होता. निरोगी माणसाच्या मणक्यात सुरक्षितपणे डोकावण्याचे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

वेदनामुक्तांचे मणके

एमआरआय तंत्राने हे साधन पुरविले. १९९४ साली जेन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींच्या मणक्यांच्या प्रतिमा तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. या अभ्यासाची रचना उल्लेखनीय आहे. तपासणाऱ्या तज्ज्ञांचा पूर्वग्रह आड येऊ नये म्हणून कंबरदुखी असलेल्या २७ व्यक्तींच्या सदोष प्रतिमा त्यांत मिसळण्यात आल्या होत्या, आणि कोणती प्रतिमा कोणाची हे तज्ज्ञांना ठाऊक नव्हते. वेदनामुक्त व्यक्तींपैकी ५२ टक्के व्यक्तींमध्ये किमान एका पातळीवर चकती फुगलेली आढळली, तर २७ टक्के व्यक्तींमध्ये ती पुढे आलेली होती. सर्व चकत्या निर्दोष असलेल्यांचे प्रमाण अवघे ३६ टक्के होते. २०१५ साली ब्रिंजिकजी प्रभृतींनी ३३ अभ्यासांतील ३,११० वेदनामुक्त व्यक्तींचा एकत्रित आढावा घेतला. त्यात चकतीच्या झिजेचे प्रमाण विशीतील व्यक्तींमध्ये ३७ टक्के, तर ऐंशीतील व्यक्तींमध्ये ९६ टक्के असल्याचे आढळले. केस पिकावेत तशी चकती झिजते, असाच याचा अर्थ होतो.

या निष्कर्षांवरून प्रतिमा निरर्थक ठरते, असे म्हणणे मात्र अतिव्याप्ती होईल. याच संशोधकगटाने त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या विश्लेषणात, पन्नास वा त्याखालील वयाच्या कंबरदुखीच्या रुग्णांमध्ये चकतीची झीज व तिचे पुढे येणे हे वेदनामुक्तांच्या तुलनेत अधिक प्रमाणात आढळले. दोन्ही विश्लेषणे एकत्र वाचली असता निघणारा निष्कर्ष असा : समूहाच्या पातळीवर दोष व वेदना यांचा काही संबंध आहे, परंतु समोर बसलेल्या एका रुग्णाच्या वेदनेचे कारण त्याच्या प्रतिमेतील दोष हेच आहे, असे त्या संबंधावरून ठरविता येत नाही. अस्थिभंग, कर्करोग, मणक्याचा क्षय अथवा मलमूत्रावरील ताबा सुटण्यासारखी चिन्हे यांची शंका असेल, तेथे तपासणी अपरिहार्यच आहे. आक्षेप आहे तो अशा शंकेविना केलेल्या सरसकट तपासणीवर.

उपचारांची परीक्षा

कारणाविषयीची कल्पना बदलली की उपचाराचा पायाही तपासावा लागतो. दोष बरा होईपर्यंत विश्रांती, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. १९८६ साली डेयो व सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी करून एका गटास दोन दिवसांची, तर दुसऱ्यास सात दिवसांची अंथरुणातील विश्रांती सुचविली. दोन दिवसांच्या गटातील रुग्णांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले आणि प्रकृतीच्या अन्य निकषांवर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी नगर प्रशासनाच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीने पुढचे पाऊल टाकले. विश्रांती घेणारे, विशिष्ट व्यायाम करणारे आणि झेपेल तेवढे नेहमीचे व्यवहार सुरू ठेवणारे, अशा तीन गटांत तिसरा गट सर्वांत लवकर सुधारला.

औषधांच्या बाबतीतही अनुभव फारसा वेगळा नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या चाचणीत नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी पॅरासिटामॉल देण्यात आले. नियमित गोळी घेणारे व गरजेपुरती घेणारे रुग्ण सरासरी १७ दिवसांत बरे झाले. औषधी द्रव्य नसलेली तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांस १६ दिवस लागले. येथे ‘सरासरी’ म्हणजे मध्यगा होय. तिन्ही गटांस धीर व योग्य माहिती देण्यात आली होती, हा तपशील निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

शस्त्रक्रियेविषयीचा पुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चकतीच्या विकाराच्या ५०१ रुग्णांची विभागणी करण्यात आली. परंतु शस्त्रक्रियेच्या गटातील निम्म्याच रुग्णांनी पहिल्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया करून घेतली, तर दुसऱ्या गटातील ३० टक्के रुग्णांनी नेमून दिलेला मार्ग सोडून तीच करून घेतली. गटच असे मिसळल्यावर त्यांतील अल्प फरकावरून ठाम विधान करणे अवघड होते. २००७ सालच्या नेदरलँड्समधील २८३ रुग्णांच्या चाचणीने अधिक स्पष्ट उत्तर दिले. तीव्र सायटिकेत लवकर शस्त्रक्रिया केल्यास आराम लवकर पडतो. वर्षअखेर मात्र दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झालेले असतात. अर्थात, थांबून पाहणाऱ्या गटातील ३९ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हे विसरून चालणार नाही. येथे निर्णय विज्ञानापुरता राहत नाही. काही महिने कळ सोसणे परवडते की नाही, हे रुग्णाच्या उपजीविकेवरही अवलंबून असते.

नव्या प्रतिमानाच्या मर्यादा

स्कॉटलंडमधील शल्यविशारद गॉर्डन वॅडेल यांनी १९८७ साली कंबरदुखीचे जैव-मनो-सामाजिक प्रतिमान मांडले. भीती, समजुती, कामाचे स्वरूप व सामाजिक परिस्थिती यांना त्यात शरीराइतकेच स्थान आहे. हे प्रतिमान जुन्यापेक्षा निश्चितच व्यापक होय. परंतु त्याचाही दुरुपयोग संभवतो. १९९१ साली बोइंग कंपनीतील ३,०२० कामगारांच्या अभ्यासात, कामात क्वचितच आनंद वाटणाऱ्यांनी पाठीच्या दुखापतीची तक्रार नोंदविण्याची शक्यता अडीच पट आढळली. हा निष्कर्ष पुष्कळदा उद्धृत केला जातो. मात्र येथे मोजली गेली ती तक्रारीची नोंद. वेदना होणे आणि ती व्यवस्थापनाकडे नोंदविणे या दोहोंमधील अंतर दुर्लक्षिल्यास, ‘असमाधानी कामगाराला कंबरदुखी होते’ असे अन्यायकारक विधान सहज जन्माला येते. पूर्वी दोष चकतीला दिला जाई. आता तो रुग्णाच्या मनाला दिला जाण्याचा धोका आहे.

दुसरी मर्यादा पुराव्याच्या भूगोलाची. वर उल्लेखिलेल्या सर्व उपचार-चाचण्या संपन्न देशांत झाल्या. ‘नेहमीचे व्यवहार सुरू ठेवा’ हा सल्ला हेलसिंकीच्या पगारी कर्मचाऱ्यासाठी सिद्ध झाला, कारण त्याला रजेचे संरक्षण होते आणि ‘झेपेल तेवढे’ ठरविण्याची मुभाही होती. पहाटेपासून वाकून ऊस तोडणाऱ्या आणि मोळी डोक्यावरून ट्रकवर चढविणाऱ्या मराठवाड्यातील मजूर स्त्रीला हाच सल्ला जसाच्या तसा देता येईल काय? तिचे ‘नेहमीचे व्यवहार’ हाच तिच्या शरीरावरचा भार आहे. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखमालेनेही अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील संशोधनाच्या उणिवेकडे लक्ष वेधले होते.

समारोप

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम व मानसोपचार यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा, वजन लावणे व अफूजन्य वेदनाशामके यांचा नियमित वापर करू नये, असे म्हटले आहे. आपल्या गावोगावच्या औषधांच्या दुकानांत पट्टा आजही मुबलक विकला जातो. पुरावा आणि व्यवहार यांतील हे अंतर केवळ अज्ञानाने निर्माण झालेले नाही. पट्टा, गोळी आणि प्रतिमा या विकता येणाऱ्या वस्तू आहेत. समजावून सांगण्यास लागणाऱ्या वेळेचे मोल मात्र कोणी देत नाही.

सहसंबंधाला कारण समजण्याची चूक आपण वर्गात विद्यार्थ्यांना उदाहरणांनी समजावून देतो. कंबरदुखीचे संशोधन हे त्या चुकीचे आणि तिच्या दुरुस्तीचे बोलके उदाहरण होय. ही दुरुस्ती शोधनिबंधांपुरती राहू नये. ‘तुमच्या वयाच्या पुष्कळ न दुखणाऱ्या माणसांचा मणकाही असाच दिसतो’ हे एक वाक्य अहवालासोबत रुग्णाला सांगितले गेले, तर त्याच्या मनातील धाक बराच कमी होईल. त्याचबरोबर, ज्यांच्या कामानेच कंबर मोडते त्यांच्या कामाच्या परिस्थितीचा अभ्यास हाही कंबरदुखीच्या संशोधनाचाच भाग मानला पाहिजे. तो अभ्यास आपल्याच भागात व्हावयाचा आहे, आणि त्यासाठी वैद्यकशास्त्राइतकीच समाजशास्त्राची व अर्थशास्त्राची गरज लागणार आहे.